कमरेपासून वर

केबल नवीन आलं तेव्हा लोक दर महिन्याला पैसे देऊन ते का घेत होते, हे आता सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यात जाहिराती नसायच्या म्हणून घेत होते. सरकारी वाहिनीवर सिनेमा ऐन रंगात आला की मध्येच साबण यायचा, टूथपेस्ट यायची, आणि सिनेमा परत सुरू होईपर्यंत आपली रडायची लहर निघून गेलेली असायची. माझा नवरा गच्चीवर डिशची मोठी छत्री बसवून दारोदार फिरायचा आणि छातीठोकपणे सांगायचा, "एकदा सिनेमा लागला की शेवटपर्यंत. मध्ये कुणी कडमडणार नाही." लोकांनी त्याचं नावच छत्रीवाला ठेवलं. मी छत्रीवाल्याची बायको. घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, आणि ही हकिगत त्यांची आहे.

पहिला कडमडला तो कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याचं म्हणणं, सिनेमा चालू असताना पडद्याच्या अगदी तळाशी माझ्या दुकानाच्या नावाची एक बारीक पट्टी सरकू दे, कुणाच्या डोळ्यांत जातेय? नवऱ्याने सरकवली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं भांडायला आली. "हिरो मरतोय आणि त्याच्या छातीवरून तुमचा चष्मा जातोय, लाज वाटते का?" पण महिन्याभरात तेच लोक नातवाच्या वाढदिवसाची पट्टी घेऊन दारात उभे. मग पट्ट्या दोन झाल्या, एक वर आणि एक खाली, आणि सिनेमा मधल्या फटीतून बघायचा. त्यानंतर दोन गाण्यांच्या मध्ये दुकानांचे फोटो आले. फोटोंचाही कंटाळा आला तेव्हा नवऱ्याने जुना कॅमेरा मिळवला आणि आमच्या घरात नाटक कंपनी सुरू झाली.

नट आणायचे कुठून? घरातलेच. सोफ्याच्या जाहिरातीत मी बसले, दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत मी हसले, घड्याळाच्या दुकानासाठी नवऱ्याने स्वतःचाच हात शूट केला. मी कॅमेऱ्यासमोर लाकडासारखी व्हायचे. सासूबाईंचं मात्र निराळंच. एरवी भाजीवाल्याशी बोलतानाही पदोपदी अडणारी बाई, कॅमेरा सुरू झाला की तिच्या तोंडून जणू दुसरीच कुणी बोलायची. गादीच्या जाहिरातीत त्या म्हणाल्या, "पाठदुखीने उठवत नव्हतं हो, आता बघा," आणि अशा काही टुणकन उठल्या की गादीवाल्याकडे रांग लागली. त्यांची पाठ कधीच दुखत नव्हती. मी तसं म्हटलं तर मलाच म्हणाल्या, "जाहिरातीतलं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे गं. ते काम आहे."

हा आमच्या घराचा कायदाच होता. जाहिरातीत काहीही बोला, ते खोट्याच्या खात्यात धरायचं नाही. नवराही तेच म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर गाद्या आणि कपाटं होती तोवर मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. रस्त्याने जाताना लोक सासूबाईंना थांबवायचे. "टीव्हीवाल्या काकू!" मुलं मागे धावायची. त्या वरवर वैतागायच्या आणि घरी आल्या की कुणी कुणी ओळखलं ते मला दोन-दोनदा सांगायच्या. माझा नवरा त्यांना उशिरा झालेला, सासरे लवकर गेलेले, जन्म दुसऱ्यांची धुणी-भांडी करण्यात गेला. त्या बाईकडे पहिल्यांदाच कुणी मान वर करून बघत होतं. मला त्यांचं कौतुक वाटायचं. आजही वाटतं, म्हणूनच इतका राग येतो.

मग मोठ्या कंपन्या आल्या. घरोघर टीव्हीला जोडायचे त्यांचे डबे बसले, शंभर वाहिन्या आल्या आणि जाहिरातीही त्यांच्याच, चकचकीत. आमची वाहिनी त्या डब्याच्या पार तळाला, शोधून सापडेल अशा नंबरावर जाऊन पडली. सोफावाला गेला, गादीवाला गेला, चष्मेवाल्याचं तर दुकानच गेलं. तळमजल्यावरच्या खोलीत यंत्रं तापत बसायची आणि नवरा त्यांच्यापुढे डोक्याला हात लावून. अशा वेळी थेंबवाला आला.

थेंबवाला म्हणजे शुगरवर थेंब विकणारा माणूस. पांढरे कपडे, मऊ आवाज, येईल त्या बाईला आई म्हणायचा. त्याला रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ अर्ध्या तासाचा कार्यक्रम हवा होता. त्या एकट्याच्या जिवावर आमची वाहिनी चालली असती. एकच अट. "रुग्ण खरा पाहिजे," तो म्हणाला. "लोक हुशार झालेत. नट लगेच ओळखतात."

नवऱ्याने सासूबाईंकडे बघितलं. त्यांना बरीच वर्षं शुगर होती. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यायच्या, समोरच्या दवाखान्यात, तिथल्या नर्सच्या हातून. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. याहून खरा रुग्ण कुठून आणणार?

"आई, नको," मी म्हटलं. "गादीची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी?" सासूबाई केसांवरून फणी फिरवत म्हणाल्या. "तेव्हा पाठ म्हणाले, आता शुगर म्हणते. थेंब मी घेणार थोडेच आहे."

"आणि लोक घेतील त्याचं काय?"

"अगं, साधं पाणी असेल त्यात," नवरा म्हणाला. "पाण्याने कुणी मरतं का? तुझं आपलं काहीतरीच."

जाहिरात झाली. सासूबाई दिव्यांच्या उजेडात बसल्या आणि म्हणाल्या, की मी किती वर्षं सुया टोचून घेतल्या, पोटाची चाळणी झाली, आणि या थेंबांनी सगळं सुटलं, आता मी मनाला येईल ते खाते. म्हणता म्हणता त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला. तो थुंकायला मी खाली भांडं ठेवलं होतं, पण त्यांनी गिळला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, खरंखुरं. थेंबवाल्याने हात जोडले.

आता पुढे जे झालं ते आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या वाहिनीवरची बाई जाहिरात करून आपल्या घरी निघून जाते, तिचं घर कुणाला माहीत असतं? आमची नटी गल्लीतच राहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नेहमीसारख्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायला गेल्या आणि बाकावर बसलेल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. एकीने विचारलंसुद्धा, "काकू, तुमचं तर सुटलं ना?" सासूबाई म्हणाल्या, "हो तर, मी सहज आले, नर्सबाईंना भेटायला." आणि नर्सला भेटून, इंजेक्शन न घेता, परत आल्या.

मग मी टोचायला शिकले. स्वयंपाकघरात, सकाळ-संध्याकाळ. काही दिवस ते चाललं. पण औषधाच्या दुकानातून बाटली आणायला मी गेले की दुकानदार मिशीत हसायचा, आणि ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर आली. त्यांना वाटलं आता सगळीकडे बोभाटा होणार. "थोडे दिवस थांब," त्या म्हणाल्या. "लोकांचं लक्ष कमी होऊ दे." लक्ष कसलं कमी होतंय, दिवसातून तीनदा त्या स्वतःच पडद्यावर येत होत्या.

खाण्याचं तर विचारूच नका. ज्या घरी जातील तिथे यांच्या पुढ्यात आधी गोड. सुतारकाकू म्हणून त्यांची मैत्रीण होती, सुताराची बायको, रोज दुपारी दोघी पत्ते खेळायच्या. तिलाही शुगर होती, पण नुसती गोळ्यांवर. नातीच्या वाढदिवसाला तिने केकचा हा एवढा तुकडा कापून सासूबाईंना दिला आणि सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "बघा हं आता." सगळे बघत होते. सासूबाईंनी तो संपवला. वर आणखी मागून घेतला. घरी येऊन पाणी पीत राहिल्या, तांब्यावर तांब्या.

मी नवऱ्याशी भांडले. असं भांडले की खालच्या यंत्रांचा आवाज ऐकू येईना. "तुझी आई मरेल," मी म्हटलं. "बंद कर ती जाहिरात."

"बंद करून खायचं काय?" तो म्हणाला. "आणि मी तिला इंजेक्शन घेऊ नको म्हटलंय का? घरात घे म्हण की. दार लावून घे."

"तीच नको म्हणतेय."

"मग मी काय करू?" असं म्हणून तो खाली गेला. हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या स्वयंपाकघरात एक टीव्ही कायम चालू असायचा. वाहिनी नीट दिसतेय का, हे बघायला नवऱ्याने तो ठेवला होता. भाजी निवडताना सासूबाईंच्या डोळ्यांपुढे त्या स्वतःच असायच्या, हसऱ्या, डोळ्यांत पाणी, सुया सुटल्या म्हणून सांगणाऱ्या. एक दिवस मी पाहिलं तर त्यांनी ओट्यावर थेंबांची बाटली ठेवलेली आणि पेल्यात मोजून टाकत होत्या.

"आई, हे काय?"

"घेऊन बघते," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकांना गुण येतोय. फोन येतात, ऐकत नाहीस का?"

"त्यांना गुण तुम्ही सांगितला म्हणून येतोय!"

"मी सांगितलं त्यात काहीतरी असेलच ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतकं नीट कसं सांगितलं असतं मग?"

मी कपाळाला हात लावला. घरचा कायदा त्यांनीच मोडला होता, आणि तोही स्वतःवर.

पायाला कधी लागलं ते मला कळलं नाही. नवीन बूट घेतले होते, ते चावून टाच सोलली असावी. त्या घरातही मोजे घालायला लागल्या तेव्हा मला वाटलं, वय झालं, पाय गार पडत असतील. मग खोलीत वास यायला लागला. मी उंदीर मेला म्हणून कपाटं हलवली, पलंगाखाली झाडलं. सासूबाई पलंगावर बसून मला मदत करत होत्या. "तिकडे बघ, त्या कोपऱ्यात बघ," असं सांगत होत्या. आणि वास त्यांच्या पायाला येत होता.

मोजा मी जबरदस्तीने ओढला. त्याच्याबरोबर काय काय आलं ते लिहवत नाही. टाच काळी पडली होती. त्या म्हणाल्या, "दुखत नाही गं मुळीच," आणि खरंच दुखत नव्हतं, हेच तर वाईट होतं.

हॉस्पिटलात स्ट्रेचरवरून नेताना वॉर्डातली आया ओरडली, "अगंबाई, या थेंबांच्या काकू!" लगेच पलंगापलंगावर माना वर झाल्या. सासूबाईंना ताप भरलेला, ओठ सुकलेले, तरी त्यांनी हात वर करून ओळख दिली. डॉक्टरांनी केसपेपर बघितला, त्यांच्याकडे बघितलं, आणि मला बाहेर नेऊन विचारलं, "ती जाहिरात तुमच्याच घरची ना?" मी हो म्हटलं. ते मान हलवून आत गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाय गुडघ्याखाली कापला.

गल्लीत नवऱ्याने सांगितलं, आई जिन्यावरून पडली, हाडाचा चुरा झाला, म्हणून पाय काढावा लागला. लोकांनी ऐकून घेतलं. माझ्या सख्ख्या बहिणीलाही त्याने तेच सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसले. सासूबाई शुद्धीवर येऊन पहिलं काय बोलल्या, तर, "पडले म्हणून सांगितलंस ना?"

एक मात्र खरं, पायाचं बघून नवरा हादरला. घरी आणल्यावर तो त्यांच्या पलंगाशी बसला आणि रडला. "आई, बास," तो म्हणाला. "थेंबवाल्याला आजच नाही म्हणून सांगतो. वाहिनी बंद पडली तर पडू दे. मी कुठेही तारा ओढायचं काम करीन." माझ्या मनात आलं, उशिरा का होईना, माणूस जागा झाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर इतका आपला तो मला कधी वाटला नव्हता.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "आणि लोकांना काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बंद केली म्हणून सांगेन."

"का बंद केली, विचारतील. मग पाय खरा कशाने गेला ते निघेल. मग म्हणतील, म्हातारी इतके दिवस खोटं बोलत होती, आणि त्याचंच फळ भोगलं." त्यांचा आवाज चढला. "पाय गेला तो गेला. आता मला खोटी पाडू नकोस. त्यापेक्षा जीव घे माझा."

"आई, तुम्ही खोट्या ठरत नाही," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणायच्या ना, ते काम आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी परक्या घरातून आले आहे हे मला पुन्हा एकदा कळावं. मग मुलाला म्हणाल्या, "इतके दिवस मी रस्त्यात दिसले नाही. लोकांना वाटेल मेले. नवीन जाहिरात घे. कॅमेरा कमरेपासून वर ठेव."

तो नाही म्हणेल असं मला वाटलं. खरंच वाटलं. तो उठला आणि दिवे आणायला गेला.

शूटिंग दुपारी झालं, त्यांच्याच खोलीत. खुर्चीत बसवून मी त्यांच्या मांडीवर शाल घातली, कारण मला ते बघवत नव्हतं. नवऱ्याने कॅमेरा लावला, पुढे सरकवला, पुन्हा थोडा पुढे सरकवला. "आई, जरा हस," तो म्हणाला. सासूबाई हसल्या. एका दमात बोलल्या, एकही शब्द न चुकता. पडले, म्हणाल्या, वयाने पडणारच माणूस, पण जखम बघता बघता भरली. शुगर असती तर भरली असती का? हे वाक्य त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. थेंबवाल्याला ते इतकं आवडलं की त्याने कार्यक्रमाचा वेळ वाढवून घेतला.

जखम भरली होती ती इंजेक्शनांनी. हॉस्पिटलापासून पुन्हा सुरू झाली होती, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जेवणाआधी. मीच टोचत होते आणि आता त्या हूं की चूं करत नव्हत्या. मरण जवळून पाहिलेलं माणूस सुईला भीत नाही. त्यांनी थेंबांची बाटली आपणहून मोरीत ओतली होती, तेही मी पाहिलं होतं. म्हणजे त्यांना सगळं नीट कळलं होतं.

आणि एक दिवस दुपारी सुतारकाकू आल्या. पत्त्यांचा जोड घेऊन, बऱ्याच दिवसांनी. पलंगाच्या कडेला बसल्या, मैत्रिणीचा हात हातात घेतला, आणि सांगायला लागल्या. गोळ्या पुरेनाशा झाल्या म्हणून डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शनं लिहून दिली होती. "मुलगा आणि सून मागे लागलेत, घे म्हणून. पण मी काल तुझी नवीन जाहिरात बघितली आणि सगळी कचऱ्यात टाकली. गोळ्यासुद्धा. म्हटलं, हिचा एवढा पाय गेला तरी जखम भरून आली, मला काय धाड भरलीय?" हसत हसत त्यांनी पिशवीतून थेंबांच्या दोन बाटल्या काढून दाखवल्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पत्ते पिसत होत्या. मी वाट बघितली. वाटलं, ही त्यांची मैत्रीण आहे, इथे कॅमेरा नाही, दिवे नाहीत, आता बोलतील. त्यांनी पत्ते वाटायला सुरुवात केली.

"काकू, ते खोटं आहे," मी म्हटलं. "आई पडल्या नाहीत. इंजेक्शनं सोडली म्हणून पाय सडला. आता रोज मी इंजेक्शन देते, म्हणून जिवंत आहेत. घरी जा आणि तुमची औषधं कचऱ्यातून काढा. नसतील तर मी आणून देते."

सुतारकाकूंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. "काय म्हणते ही? खरं का गं? तू सांग. तू सांगशील तेच मी मानेन."

सासूबाई हातातले पत्ते लावत होत्या. एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

"तिचं काय मनावर घेतेस," त्या म्हणाल्या. "माझं करून करून वैतागलीय बिचारी. सुनांना म्हातारीचं कौतुक झालेलं कुठे बघवतं?"

"माझ्याकडे तेच," सुतारकाकू म्हणाल्या आणि सुटकेचा श्वास टाकून हसल्या. माझ्याकडे त्यांनी लागेल अशा नजरेने बघितलं, पण माफ केल्यासारखं. दोघी दोन डाव खेळल्या. सासूबाई दोन्ही जिंकल्या. जाताना सुतारकाकूंनी बाटल्या आठवणीने पिशवीत घातल्या, आणि सासूबाईंनी त्यांना सांगितलं की संपल्या की इथूनच ने, दुकानात जाऊ नकोस.

खाली दार लागलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. सासूबाईंनी पत्ते गोळा करून नीट डबीत घातले. माझ्याकडे न बघता गाऊन वर केला आणि कालची जागा सोडून पोटावर बोटाने दुसरी जागा चाचपली.

"जेवायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "दे ना इंजेक्शन."

मी फ्रिजमधून बाटली काढली, सुई भरली आणि दिलं.